एका घरातली दोन मुलं आणि अनधिकृत शाळा: दिव्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण ठाण्याजवळच्या दिव्यातलं. घरच्यांना विचारून लिहितोय, नावं सगळी काढलीत, ओळख पटू नये म्हणून दोन-चार बारीक गोष्टी बदलल्यात, बाकी जसं झालं तसं. मी यात कुठून आलो तर आमच्या चाळींच्या पट्ट्यात मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या प्रवेशांच्या लॉटरीचे, दाखल्यांचे, त्यामुळे शाळेचं काही अडलं की लोक पिशवीत कागद घेऊन येतात.

पार्श्वभूमी

घरात चौघं. बाबा रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला, म्हणजे सकाळी दिवा-ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बर. आई घरी ब्लाउज शिवते. मोठी मुलगी आठवी झालेली, जूनपासून नववी. धाकटा तिसरी झालेला. दोघंही गल्लीतल्याच एका इंग्लिश मीडियम शाळेत, खाली किराणा आणि मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, वरच्या दोन मजल्यांवर वर्ग. फी महिन्याला हजाराच्या आसपास, पगार लेट झाला तर सर थांबायचे, पोरांना रेल्वे फाटक ओलांडायला लागत नाही, टीचर पण बऱ्या होत्या, खोटं कशाला बोलू. बाहेरून लोक म्हणतात की पालकांनी बघून ॲडमिशन घ्यायला नको का, पण ज्याला सकाळी साडेसहाची लोकल पकडायचीय त्याच्यासाठी घरापासून दोन मिनिटांवर असणं हीच शाळेची मान्यता असते.

दिव्यात अशा शाळा का वाढल्या ते इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. खोल्या स्वस्त म्हणून वस्ती झपाट्याने वाढली, त्या मानाने मान्यतेच्या शाळा वाढल्या नाहीत, आणि बहुतेक बिल्डिंगच अनधिकृत असल्यावर जागेची, मैदानाची, फायर सेफ्टीची कागदपत्रं आणणार कुठून. ठाणे महापालिका दर वर्षी अनधिकृत प्राथमिक शाळांची यादी काढते, तिच्यात दिवा-मुंब्र्याची नावं भरपूर असतात, पेपरात येते, लोक वाचतात आणि विसरतात.

आता शाळांवर लक्ष कोण ठेवतं ते आधी सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. वर मंत्रालयात शालेय शिक्षण विभाग, जीआर तिथून निघतात, आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली नवी शाळा काढायची तर आधी इरादापत्र आणि मग अंतिम परवानगी तीही शासनाकडूनच. त्याखाली पुण्यात शिक्षण आयुक्त, त्यांच्या हाताखाली प्राथमिकचे वेगळे आणि माध्यमिकचे वेगळे संचालक. मग विभागीय उपसंचालक, आपला ठाणे जिल्हा मुंबई विभागात येतो. मग जिल्हा परिषदेत दोन शिक्षणाधिकारी, एक प्राथमिकचे एक माध्यमिकचे. आणि महापालिकेच्या हद्दीत पहिली ते आठवीचं बघायला महापालिकेचा स्वतःचा शिक्षण विभाग. दहावीची परीक्षा हे आणखी वेगळं खातं, राज्य मंडळ, त्याचं मुंबई विभागीय ऑफिस वाशीला. म्हणजे एकाच घरात चौथीतल्या पोराचा साहेब वेगळा आणि नववीतल्या पोरीचा साहेब वेगळा. कागदावर हे सोपं वाटतं. या प्रकरणात निम्मा वेळ यातच गेला.

अडचण काय झाली

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर गेटवर बोर्ड लागला, ही शाळा अनधिकृत आहे, पालकांनी प्रवेश घेऊ नये. पालकांच्या ग्रुपवर आधी भीती, मग राग, आणि राग शाळेवर कमी, बोर्ड लावणाऱ्यांवर जास्त. पोरांनी आता जायचं कुठे असं सगळ्यांचं म्हणणं आणि ते चूक पण नव्हतं. निम्मे पालक नगरसेवकाकडे गेले, शाळा बंद करू नका म्हणून सह्यांचं पत्र घेऊन. आमच्या या प्रकरणातल्या आईने पण त्यावर सही केली होती.

शाळेच्या मालकांनी मीटिंग घेतली. म्हणाले फाइल मंत्रालयात आहे, दिवाळीपर्यंत मान्यता येते, आणि नववी-दहावीची काळजी करू नका, नाव दुसऱ्या मान्यताप्राप्त शाळेत असेल, बसायचं इथेच, बोर्डाची परीक्षा त्या शाळेतून. हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की बऱ्याच जणांना ते कायदेशीरच वाटलं.

बाबांनी फाइलचा कागद दाखवा म्हणून सांगितलं तेव्हा एक झेरॉक्स मिळाली. ती माझ्याकडे आली. तो मालकांचाच अर्ज होता आणि वर फक्त आवकचा शिक्का. आवकचा शिक्का म्हणजे कागद पोचला, यापलीकडे काही नाही, इरादापत्र ही वेगळी चीज. यू-डायस नंबर, म्हणजे सरकारच्या नोंदीतला शाळेचा नंबर, विचारला, महाराष्ट्रातल्या शाळेचा असेल तर तो २७ ने सुरू होणारा अकरा आकडी असतो, तर तो नाहीच. नंबर नाही म्हणजे सरकारच्या हिशोबात ती शाळा नाही, आणि मग पोरं तिथे इतकी वर्षं शिकली याचीही कुठे नोंद नाही. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटलं. खरं काय होतं ते नंतर बाहेर आलं आणि ते जास्त वाईट होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय तिथेच राहायचं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १८ बिनमान्यतेची शाळा चालवायला एक लाखापर्यंत दंड आणि तरी चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारापर्यंत सांगतं, पण तो दंड शाळा चालवणाऱ्याला, शिकणाऱ्या पोराला नाही, आणि दंडाचे पैसे काही पालकांना परत मिळत नाहीत. नोटीस येते, शाळा चालू राहते, हे दिव्यात लोकांनी बघितलंय, त्यामुळे "काही होत नाही हो" म्हणणारे बरेच. धाकट्यासाठी एखादं वर्ष हे चाललं पण असतं. मोठीसाठी नाही, कारण नववीत गेलेली मुलगी दीड वर्षात बोर्डाच्या फॉर्मसमोर उभी राहते.

दुसरा, गावाला पाठवायचं. हे बाबांचं म्हणणं, आजी-आजोबा आहेत, झेडपीची शाळा चांगली आहे, हायस्कूल पाच किलोमीटरवर. आईने एका वाक्यात उडवलं, म्हणाली पोरगी मोठी झाली आणि तुम्ही तिला लांब करताय.

तिसरा, डोंबिवली किंवा कळव्याची मान्यतेची इंग्लिश प्रायव्हेट शाळा. दोघांची फी, बस, युनिफॉर्म जोडून झाल्यावर यावर पुढे बोलणंच झालं नाही.

चौथा, धाकट्याला महापालिकेच्या मराठी शाळेत आणि मोठीला अनुदानित सेमी इंग्लिश हायस्कूलमध्ये. यात माध्यम बदलणार हा मोठा प्रश्न होता. पोरं घरात मराठी बोलतात पण मोठी लहानपणापासून इतिहास-भूगोल इंग्रजीत पाठ करत आलेली. सेमीमध्ये गणित-विज्ञान इंग्रजीत राहतं हा त्यातल्या त्यात आधार.

पाचवा, सतरा नंबरचा फॉर्म. म्हणजे नववी कुठेही न करता थेट दहावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं. हे कायदेशीर आहे, कामाला लागलेल्या, शाळा सुटलेल्या पोरांसाठी चांगली सोय आहे, पण रोज शाळेत जाऊ शकणाऱ्या मुलीला दोन वर्षं घरी बसवून क्लासवर सोडायचं हे मला तरी पटलं नाही, आणि तसं मी बोललो.

सहावा पर्याय मालकांनी दिला तो, नाव तिकडे आणि बाकडं इथे. बाबांचा कल सुरुवातीला याच्याकडेच होता. त्यात काही बदलावं लागत नव्हतं ना. मी त्यांना एवढंच विचारलं की उद्या दहावीच्या वेळी त्या शाळेने अचानक जास्त पैसे मागितले, किंवा हजेरी कमी म्हणून फॉर्म अडवला, तर तुम्ही कोणाकडे जाणार, कारण तुम्ही तर तिथे कधी गेलेलाच नाही.

तीन-चार दिवस घरात यावर चर्चा झाली असेल. ठरलं ते चौथं, आणि त्यातही एक गोष्ट ठरली की पोरं आधी बसवायची, शाळेशी भांडण नंतर. हा मला या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. ग्रुपमधल्या ज्या पालकांनी फी परत मागण्यापासून सुरुवात केली ते दिवाळीपर्यंत तिथेच अडकले होते आणि पोरं तोवर त्याच वर्गात.

काय केलं: धाकटा

धाकट्याचं पहिल्या दिवशी एकदम सोपं गेलं. महापालिका शाळेच्या मुख्याध्यापिका मॅडमनी एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर जन्माचा दाखला आणि आधार घेतलं आणि चौथीत बसवलं. कलम ४ प्रमाणे सहा वर्षांपुढच्या पोराला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, कलम ५ प्रमाणे दाखला यायला वेळ लागतो म्हणून प्रवेश अडवायचा नाही, कलम १४ मध्ये वयाच्या पुराव्यावाचूनही नाही म्हणायचं नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली आणि वयाप्रमाणे थेट प्रवेश पाचवीपर्यंतच राहिला, सहावी ते आठवीत जायचं तर पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते, पण चौथीला त्याचा काही त्रास नव्हता. मॅडमना हे सगळं पाठ होतं. पुस्तकं मिळाली, दुपारी खिचडीच्या रांगेत पण उभा राहिला.

अडलं ते ऑनलाइनला. नाव चढवायला गेले तर सिस्टीम म्हणते हे आधार आधीच दुसऱ्या शाळेत नोंद आहे. मॅडमनी शाळा बघितली तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या तालुक्यातली एक अनुदानित मराठी शाळा. पोरगा आयुष्यात तिथे गेला नव्हता. बाबांना त्या गावाचं नाव फक्त बसच्या बोर्डावर माहीत. आणि कागदावर तो तिथे पहिलीपासून हजर, मराठी माध्यम.

मोठीचं बघितलं, ती पण तिथेच. कागदावर सेमी इंग्लिश.

आता हे कशासाठी, तर याचं उत्तर संचमान्यतेत आहे. अनुदानित शाळेत किती शिक्षक मंजूर होतील हे पटावर, म्हणजे पोरांच्या संख्येवर, ठरतं आणि तो पट ३० सप्टेंबरचा धरतात, त्यात आधार जुळलेली पोरं मोजतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यांना दुसरीकडे जावं लागतं. पूर्वी रजिस्टरात खोटी नावं लिहिली तरी चालून जायचं, २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा बोगस पट किती आहे ते उघडं पडलं, आणि पुढे सरल, म्हणजे पोरांची ऑनलाइन नोंद, आली, आधार आलं. तर आता खोटं नाव चालत नाही, खरं आधार असलेलं खरं पोर लागतं. आणि अनधिकृत शाळांकडे खरी पोरं भरपूर. त्यांना हवा असतो यू-डायस नंबरवाला दाखला, समोरच्याला हवा असतो पट. दोघांचं भागतं. बोगस नाव पकडायला बसवलेल्या यंत्रणेने इथे खरीच पोरं भाड्याने द्यायचा रस्ता तयार करून दिला, असं मला तरी दिसतं.

आणि गंमत अशी की याच ३० सप्टेंबरने आमचं काम पण झालं. कारण महापालिकेच्या मॅडमना पण पट हवाच होता, धाकट्यासारखी आणखी बरीच पोरं त्यांच्याकडे बोर्ड लागल्यावर आली होती, ती सगळी आधारसकट ३० तारखेच्या आत चढली तर त्यांच्या शाळेला एक शिक्षक जास्त मिळू शकत होता. त्या तालुक्यातल्या शाळेला तीच पोरं ३० तारखेपर्यंत सोडायची नव्हती. एका आधार नंबरवर दोन शाळा. मॅडमनी पहिल्यांदा ऑनलाइन रिक्वेस्ट टाकली, उत्तर नाही. फोन केला, तिकडचे सर म्हणाले पालक येऊन अर्ज देतील तेव्हा बघू. मॅडमनी मग केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, लेखी दिलं आणि बाबांकडून पण अर्ज लिहून घेतला, की माझा मुलगा या शाळेत कधीच गेलेला नाही, माझ्या संमतीशिवाय नाव घातलंय, ते मोकळं करावं.

काय केलं: मोठी

तिचं इतकं सरळ नव्हतं. बाबांनी जूनमध्येच एक अर्ज केला होता, दोन्ही मुलांचा मिळून एक, महापालिकेच्या नावाने. तिथे धाकट्याचं बघितलं आणि नववी आमच्याकडे नाही, झेडपीच्या माध्यमिककडे जा असं सांगितलं. तिकडे तोच अर्ज दाखवला तर हा आमच्या नावाचा नाही. जुलै संपत आला होता.

हायस्कूलचे सर माणूस म्हणून चांगले, पण म्हणाले आठवी पास झाल्याचा मान्य दाखला नाही तर मी नववीत कशी घेऊ, उद्या बोर्डाला काय दाखवू, शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आणा. त्यांचंही बरोबर. नववी शिक्षण हक्क कायद्यात येत नाही, तो कायदा आठवीपर्यंतच.

इथे सगळ्यात अवघड वळण आलं. ज्या शाळेत तिचं नाव होतं त्या शाळेची एलसी आणली असती तर काम आठवड्यात झालं असतं. मालकांनी निरोपही पाठवला, एलसी काढून देतो, थोडे पैसे लागतील. बाबा म्हणाले सरकारच्याच कॉम्प्युटरवर ती तिथली विद्यार्थिनी आहे, मग एलसी घेतली तर खोटं कुठे झालं. आईचं म्हणणं उलटं, धाकट्याच्या अर्जावर आपण सही करून दिलीय की पोरगा तिथे कधी गेला नाही, आणि त्याच्या बहिणीसाठी तिथलाच दाखला घ्यायचा, दोन्ही कागद एका टेबलावर आले तर. बाबा त्यावर गप्प बसले. मला यात मत विचारलं तेव्हा मी म्हटलं की दोन्ही बाजूंचा धोका मोजून बघा. एलसी घेतली तर वर्ष वाचतं पण ती शाळा चौकशीत अडकली तर तो दाखलाच संशयात. नाही घेतली तर कदाचित पुन्हा आठवीत बसावं लागेल, वर्ष जाईल, पण पुढे कोणी बोट दाखवणार नाही.

निर्णय शेवटी मुलीनेच घेतला म्हटलं तरी चालेल. तिला विचारलं तर म्हणाली मला परत आठवी नको पण त्या शाळेचं नाव पण नको, मी गेलेच नाही तिथे, कोणी विचारलं तर वर्गशिक्षक कोण सांगू.

मग दोघा मुलांचे वेगळे अर्ज केले. मोठीचा माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने, त्यात सगळं खरं लिहिलं, कुठे शिकली, किती वर्षं, नाव कुठे घातलं गेलं, आणि मागणी एकच की हायस्कूलने चाचणी घ्यावी आणि झेपत असेल तर नववीत बसवायची परवानगी द्यावी. सोबत जुनी प्रगतिपुस्तकं, फीच्या पावत्या, गेटवरच्या बोर्डाचा फोटो. त्या फोटोचा फार उपयोग झाला, कारण शाळा अनधिकृत होती हे आम्हाला सिद्ध करावंच लागलं नाही. ऑफिसातल्या एका विस्तार अधिकारी मॅडमनी अर्ज पूर्ण वाचला, सगळे वाचत नाहीत, आणि म्हणाल्या पोरीची चूक नाही यात, पण पत्र वरून सही होऊन येईल, वेळ लागेल, तोवर तिला घरी बसवू नका.

म्हणून बाबांनी हायस्कूलला हमीपत्र दिलं, परवानगी आली नाही तर आम्ही हक्क सांगणार नाही असं, आणि सरांनी तिला ऑगस्टमध्ये वर्गात बसू दिलं. रजिस्टरला नाव नाही, नुसतं बसायचं. घटक चाचणीचा पेपर पण लिहिला, सरांनी तो वेगळा ठेवला.

शेवटी काय झालं

धाकट्याचं नाव सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोकळं झालं. कशामुळे, केंद्रप्रमुखांच्या पत्रामुळे की एकाच बोर्डामुळे आलेल्या बऱ्याच पोरांच्या तक्रारी एकदम गेल्या म्हणून, ते सांगता येणार नाही, पण एकट्या बाबांच्या अर्जाने झालं नसतं असं मॅडमच म्हणाल्या. तो आता मराठीत लिहितो, जोडाक्षरं चुकतात, पाढे मात्र अजून टू टूज आर फोरच.

मोठीची चाचणी मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान अशी झाली. मराठीत काठावर, गणितात चांगले मार्क. परवानगीचं पत्र ऑक्टोबरमध्ये आलं, नाव तिकडून मोकळं झालं ते त्यानंतर, म्हणजे हायस्कूलला ती त्या वर्षीच्या पटात धरता आली नाहीच. सरांनी कुरकुर केली, पण ठेवली. वर्ष वाचलं. इतिहास मराठीतून लिहायला तिला खूप जड गेलं आणि सहामाहीत मार्क पडले, वर्गातल्या एका मैत्रिणीच्या वह्या आणून तिने ते भरून काढलं.

त्या तालुक्यातल्या शाळेची चौकशी लागली एवढं कळलं. पुढे काय झालं ते अर्जदाराला कोणी सांगत नाही, माहिती अधिकारात विचारता येतं, बाबांनी विचारलेलं नाही. अनधिकृत शाळेतली पोरं पुढच्या जूनपर्यंत बरीच पांगली, काही अजून तिथेच. जूनची फी परत आली नाही. पोलिसात फसवणुकीची तक्रार द्यायची का यावर बोलणं झालं होतं, पण शाळेचे मालक आणि या घराचे खोलीमालक नात्यातले, म्हणून ते तिथेच राहिलं. मला ते पटत नाही पण भाड्याच्या खोलीत मी राहत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पालकांच्या बाजूने बघितलं तर दोन अर्ज पहिल्याच दिवशी वेगळे हवे होते. आठवीपर्यंतचं मूल महापालिकेकडे, नववी-दहावीचं झेडपीच्या माध्यमिककडे, प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत आवकचा शिक्का मारून स्वतःकडे. एवढ्याने मोठीचा महिना-दीड महिना वाचला असता. आठवीपर्यंतच्या मुलाचं अडलं असतं तर कलम ३२ प्रमाणे महापालिकेकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. हे हत्यार धाकट्यासाठी हाताशी होतं, मोठीसाठी नव्हतं.

दुसरं, मुलाचं नाव सरकारच्या सिस्टीममध्ये कुठे आहे हे पालक विचारतच नाहीत. यू-डायसवर प्रत्येक मुलाला एक कायमचा नंबर असतो, पेन म्हणतात, तो शाळेकडून लिहून मागायचा, आणि नंबर दिला तर तो कोणत्या शाळेच्या नावावर आहे ते पण विचारायचं. या घरात पहिलीतच विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. शाळेचं स्वतःचं बघायला यू-डायसची साइट आहे, नाव टाकलं की दिसतं. त्यापुढे खाजगी शाळा असेल तर शिक्षण हक्क कायद्याखालचं मान्यतेचं प्रमाणपत्र, आपल्याकडे नमुना दोन म्हणतात, ते दर तीन वर्षांनी घ्यावं लागतं, त्यामुळे ऑफिसात फ्रेममध्ये लावलेलं असलं तरी त्याच्यावरची तारीख वाचायची. "प्रस्ताव पाठवलाय" असं उत्तर आलं तर इरादापत्राची प्रत मागायची, ती नसेल तर तिथे पैसे भरायचे नाहीत.

ऑफिसांच्या बाजूने माझं एकच म्हणणं आहे. बोर्ड लावणं, नोटीस देणं, दंड लावणं, यासाठी टेबल आहे, फाइल आहे, तारीख आहे. बोर्ड लागलेल्या शाळेतल्या पोरांची यादी मात्र कोणाच्याच टेबलावर नव्हती. शाळेत जाऊन वर्गवार नावं आणि आधार नंबर त्याच दिवशी घेतले असते तर ही पोरं दुसऱ्याच शाळेच्या पटावर आहेत हे जूनमध्येच कळलं असतं, आम्हाला ते नंतर चुकून कळलं. आणि यादी एप्रिलमध्ये, ॲडमिशन व्हायच्या आधी आली आणि प्रत्येक अनधिकृत शाळेपुढे जवळची मान्यतेची शाळा आणि तिथे किती जागा आहेत ते लिहिलं, तर निम्मे पालक नगरसेवकाकडे सह्या घेऊन गेलेच नसते. ती आई आजही म्हणते मी सही केली कारण बोर्डावर जाऊ नका लिहिलं होतं, कुठे जा ते लिहिलं नव्हतं.

ग्रुपमधल्या दोन-तीन पालकांनी नंतर मोठीच्या अर्जाचा नमुना नेला. त्यातल्या एकाच्या मुलाने तिकडची एलसी आधीच घेतली होती, त्याला तोच अर्ज चालणार नव्हता, त्याचं वेगळं लिहावं लागलं आणि ते अजून चालू आहे.